पाचवं मेहूण

१

त्र्यंबकराव हॉस्पिटलला निघाले आणि गॅरेजचं दार घरंगळत खाली आलं, की शरयू आधी देव पुसायची आणि मग जेवणघरातली ती दोघं. देवांना मऊ पंचा, त्या दोघांना पिसांचा झटकणा. अमेरिकेतल्या श्रूजबरीच्या या घरात आल्याला चार वर्षं झाली होती आणि सोमवारचा हा क्रम तिने कधी मोडला नव्हता.

ती दोघं म्हणजे दोन तैलचित्रं. घर विकणाऱ्या म्हाताऱ्या बाईंनी ती मागे ठेवली होती. बोस्टनजवळच्या त्यांच्या नव्या फ्लॅटच्या दारातून ती आत जाणारच नव्हती. एकेक चित्र आठ फूट उंच, सोनेरी चौकट वेगळीच. इंग्लंडमधली, अठराशे बारा-पंधराच्या सुमाराची, एवढंच कागदावर लिहिलेलं होतं. चितारी कोण, माणसं कोण, पत्ता नाही.

फायरप्लेसच्या डाव्या अंगाला साहेब. काळा कोट, फिकट पाटलोण, डाव्या हातात उंच हॅट आणि हातमोजे, उजवा पाय पुढे. उजव्या अंगाला मडम. छातीखालीच कंबर आलेला पांढरा झुळझुळीत झगा, खांद्यावर गडद तांबडी शाल. दोघं डोक्यापासून पायांपर्यंत पूर्ण रंगवलेली, खऱ्या माणसाएवढी. क्षितिज मुद्दाम गुडघ्यांपाशी खाली धरलेलं, त्यामुळे दोघं आभाळात गेल्यासारखी दिसायची. साहेबांच्या मागून एक पायवाट निघायची, चौकटीपाशी संपायची आणि मधली फायरप्लेस ओलांडून मडमेच्या मागे पुन्हा सुरू व्हायची. आभाळही दोघांत मिळून एकच. साहेब उजवीकडे वळून तिच्याकडे बघत होते आणि ती डावीकडे मान वळवून त्यांच्याकडे.

शरयूला ती दोघं पहिल्या दिवसापासून आवडली. परक्या मुलखात भिंतीवर कुणी वडीलधारं जोडपं असावं तसं तिला वाटायचं. धूळ झटकताना ती त्यांना आपले उपास, लेकीच्या परीक्षा असं काहीबाही सांगायचीसुद्धा. त्र्यंबकरावांना मात्र चार वर्षांत साहेबांच्या कोटाचा रंगही सांगता आला नसता. ते टेबलाच्या खिडकीकडच्या टोकाला बसायचे, वर्तमानपत्र उघडायचे, आणि भुलीच्या डॉक्टरने घरी तरी जागं असावं, हा स्वतःचाच विनोद महिन्यातून एकदा करायचे.

आदल्या उन्हाळ्यात त्यांच्या हृदयाची मोठी शस्त्रक्रिया झाली. सहा तास शरयू वूस्टरच्या हॉस्पिटलात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून होती. तिथेच तिने महादेवाला शब्द दिला. हा माणूस चालत घरी येऊ दे, मी सोळा सोमवार करीन आणि सतराव्याला पाच मेहुणं जेवू घालीन. पाच जोडपी, नवरा-बायको मिळून. एक कमी नाही.

माणूस चालत घरी आला. त्याला हिंडण्याफिरण्याचं बळ आलं तसे थंडीच्या तोंडाशी तिने सोमवार धरले. सोळाही कडक झाले. आता देणं तेवढं राहिलं होतं.

२

सतरावा सोमवार नेमका फेब्रुवारीतल्या राष्ट्राध्यक्षांच्या सुट्टीचा आला, हीसुद्धा तिला देवाचीच कृपा वाटली. एरवी सोमवारी दुपारी कोण जेवायला येणार? आदल्या रात्री बर्फ सुरू झालं आणि सकाळी थांबलं नाही. तरी स्नेह्यांपैकी श्रीरंग आणि नीला आले, कारण ते दोन गल्ल्या सोडून राहायचे. आणखी तीन जोडपी फावडी घेऊन, बूट झटकत आली. पाचवं जोडपं अतुल आणि पद्मिनीचं. ते न्यू हॅम्पशरहून निघाले होते. साडेअकराला त्यांचा फोन आला. गाडी हायवेच्या कडेला घसरली होती, त्यांना काही झालं नव्हतं, पण येणं शक्य नव्हतं.

शरयूने फोन ठेवला आणि ती चूर्म्याच्या परातीपाशी नुसती उभी राहिली. बाहेर रस्ता दिसत नव्हता. नवं मेहूण आणायचं कुठून? शेजारच्या आयरिश काकू एकट्याच होत्या.

नीलाने समजूत घातली की देवाला बर्फ दिसतं. शरयूने मान हलवली, पण तिचे डोळे भरले होते. चार म्हणजे पाच नव्हेत. शब्द तिने दिला होता, आणि ज्याच्यासाठी दिला तो माणूस दिवाणखान्यात पायांवर शाल घेऊन बसला होता.

तो माणूसच मग दारात येऊन म्हणाला, "अगं, एवढं काय? घरात एक मेहूण चार वर्षं उपाशी उभं आहे, त्यांना वाढ की."

सगळे हसले. शरयू हसली नाही. तिने वळून त्या दोघांकडे पाहिलं. नवरा-बायको तर होतेच. आणि बोलावलेलं मेहूण हिंदूच असायला हवं, असं पोथीत कुठे लिहिलं होतं?

तिने खरोखर त्यांच्यापुढे जाऊन अक्षता ठेवल्या, हात जोडले आणि म्हणाली, "आज आमच्याकडे जेवायला यावं."

मग तिला ते दिसलं. धर्मकार्यात बायको नवऱ्याच्या उजव्या हाताला हवी, आणि मडम तर साहेबांच्या डाव्या हाताला होती. नीला म्हणाली, "ताई, जेवताना डावीकडेच असते ना?" शरयू म्हणाली की हे नुसतं जेवण नाही, उद्यापन आहे, आणि यात मी कमीजास्त होऊ देणार नाही. श्रीरंगने बाह्या सरसावल्या. वहिनींनी मनात आणलं तर आम्ही ही फायरप्लेससुद्धा हलवू, असं त्याचं म्हणणं पडलं. त्र्यंबकरावांना उचलायची बंदी होती. बाकीच्या पुरुषांनी मिळून दोन्ही चित्रं खाली काढली आणि जागा बदलल्या. ती पुन्हा वर टांगायचं त्राण कुणात उरलं नाही, म्हणून जमिनीवरच, भिंतीला रेलून उभी केली. त्यातच श्रीरंगच्या पाठीत उसण भरली.

आता डावीकडे मडम होती, उजवीकडे साहेब. त्यांचे बूट आणि तिच्या सपाता जवळजवळ फरशीला टेकलेल्या. आभाळात गेलेली माणसं एकदम उतरून, सगळ्यांच्या उंचीची होऊन पंगतीच्या टोकाला येऊन उभी राहिल्यासारखी दिसत होती.

मृणालिनी, शरयूची लेक, बोस्टनला कॉलेजात होती आणि सुट्टीसाठी घरी आली होती. ती हातात पाण्याचा जग घेऊन थांबली. "आई, दे आर नॉट लुकिंग अ‍ॅट ईच अदर एनीमोर."

खरंच होतं. जागा बदलल्यावर दोघांच्या पाठी एकमेकांकडे झाल्या होत्या. मडम डावीकडे, खिडकीच्या बाजूला बघत होती आणि साहेब उजवीकडे, स्वयंपाकघराच्या दाराकडे. पायवाट चौकटींच्या बाहेरच्या कडांनी निघून जेवणघरात शिरत होती.

"एका दिवसापुरतं," शरयू म्हणाली आणि तिने दोघांपुढे दोन ताटं मांडली. भोवती रांगोळीची रेघ ओढली.

पंगत छान झाली. दुपारी बर्फ थांबलं. निघताना चारी बायकांच्या ओट्या भरल्या, पुरुषांच्या हातात नारळ-सुपारी दिली, आणि शरयू प्रत्येक जोडप्याबरोबर दारापर्यंत गेली. पाच झाली, पाच, असं तिचं मन सारखं म्हणत होतं. त्या रात्री ती वर्षभरात झोपली नव्हती इतकी गाढ झोपली.

३

श्रीरंगच्या डॉक्टरने त्याला तीन आठवडे वाकू नको म्हणून सांगितलं. त्यामुळे चित्रं तशीच उभी राहिली.

चौथ्या दिवशी शरयूच्या एक गोष्ट लक्षात आली. गोष्ट अगदी लहान होती. मडमेची नजर टेबलाच्या टोकाच्या खुर्चीवर होती.

यात काय, तिने स्वतःशी म्हटलं. चित्र खाली उतरवलंय, नजरही खाली उतरणार. पण धूळ झटकता झटकता तिचा हात थांबला. चित्र मागे, भिंतीला रेललेलं होतं. मागे रेललेल्या माणसाची नजर वर जाते. मडमेची खुर्चीच्या पाठीवरून, खिडकीच्या वरच्या काचेकडे जायला हवी होती. ती खाली आली होती, बसलेल्या माणसाच्या तोंडाच्या उंचीला.

शरयू त्या खुर्चीत जाऊन बसली. मडम तिच्याकडे बघत नव्हती. तिच्या खांद्यावरून, किंचित बाजूला. शरयूला हसू आलं, बरंही वाटलं. आपण वेड्या आहोत, चष्म्याचा नंबर वाढला असेल, असं म्हणून ती उठली.

संध्याकाळी त्र्यंबकराव जेवायला बसले आणि ती पोळी वाढायला वाकली. वाकल्यावाकल्या तिने सहज वर पाहिलं. मडमेचं बघणं किंचित बाजूला नव्हतं आता. नीट होतं.

त्या आठवड्यात त्यांनी वर्तमानपत्र घडी करून ठेवलं ते उघडलंच नाही. बोलणं कमी झालं. विचारलं की उत्तर द्यायचे, गोड हसायचे, आणि पुन्हा गप्प. अर्धी पोळी खाऊन म्हणायचे, "माझं झालं." आवडीची भरली वांगी केली तरी झालं, कढी केली तरी झालं. हृदयाच्या डॉक्टरांनी तपासून सगळं उत्तम असल्याचं सांगितलं. वजन तेवढं आठ पौंड उतरलं होतं.

"वजन कमी करा म्हणून तूच मागे लागायचीस," ते म्हणाले आणि पट्ट्याला नवं भोक पाडायला दाभण मागितला.

शरयूने दाभण दिला. त्यांच्या मनगटावरचं घड्याळ कोपराकडे घसरलेलं तिने पाहिलं. हाताचा स्पर्श गार होता, पण मॅसॅच्युसेट्समध्ये मार्चमध्ये कुणाचा हात गार नसतो? तिने देवापुढे तुपाची वात लावली आणि मनाला सांगितलं की पाच मेहुणं जेवली आहेत, देणं पुरं झालंय, आता काही व्हायचं कारण नाही.

४

रविवारी मृणालिनीचा फोन आला. ती त्या वर्षी चित्रकलेच्या इतिहासाचा एक कोर्स घेत होती, म्हणून शरयूने सहज विचारल्यासारखं विचारलं. लेक उत्साहाने सांगू लागली. त्या काळात इंग्लंडात नवरा-बायकोची अशी जोडचित्रं काढायची रीतच होती. दोन कॅनव्हास, पण चित्र एकच. नवरा बघणाऱ्याच्या डाव्या हाताला, बायको उजव्या, प्रकाश, वाट, आभाळ सगळं एकमेकांत मिळवलेलं. एकाचं अंग दुसऱ्याकडे कललेलं, म्हणजे एकटंच टांगलं तर ते माणूस कशाची तरी वाट बघत असल्यासारखं दिसतं.

"आई, तुम्ही अजून परत नाही लावली? यू हॅव टू पुट देम बॅक. दे वेअर मेड टु लुक अ‍ॅट ईच अदर. नाहीतर दे हॅव नोबडी."

शरयूने फोन ठेवला. स्वयंपाकघरात भिंतीवरच्या घड्याळाचा काटा तेवढा वाजत होता. तेव्हा तिला आपल्या आईचा आवाज आठवला, पाटांची मांडामांड करताना सांगणारा. धर्मकार्यात उजवीकडे, जेवताना आणि आशीर्वाद घेताना डावीकडे. नीला बरोबर होती. ती दोघं आधीपासूनच नीट उभी होती. दोनशे वर्षांहून जास्त.

रात्री जेवताना तिने विषय काढला. श्रीरंगला अजून वेळ आहे, तर हॉस्पिटलातली दोन मुलं बोलवावीत का?

त्र्यंबकरावांनी पाण्याचा पेला खाली ठेवला. "असू दे. बरी आहेत."

"उलटी लागलीत ती. मृणाल म्हणत होती."

"असू दे, शरयू." आवाज नेहमीसारखाच मृदू होता. "तिला पुन्हा तिकडे बघायला कशाला लावतेस?"

चार वर्षांत त्यांनी त्या चित्राबद्दल उच्चारलेलं हे पहिलं वाक्य. शरयू त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. ते तिच्याकडे बघत नव्हते.

तिने ताटं उचलली. नळाचं पाणी मोठं सोडलं आणि बराच वेळ भांडी घासली. थकलेल्या माणसाच्या तोंडून काहीही निघतं. औषधांनीही होतं. ती हे सगळं मनाशी म्हणत होती, आणि तरी हातातलं ताट चौथ्यांदा विसळत होती.

५

पुढच्या सोमवारी दुपारी चारला ती लायब्ररीतून परतली तेव्हा गॅरेजमध्ये गाडी उभी होती. त्र्यंबकराव लवकर आले होते. तिने हाक मारली. उत्तर नाही.

जेवणघरात बर्फावरून परतलेला पांढरा उजेड भरला होता. ते तिथे उभे होते. अंगात काळा ओव्हरकोट. डाव्या हातात लोकरी टोपी आणि हातमोजे. उजवा पाय पुढे, भार मागच्या पायावर. मडमेपासून हातभर अंतरावर, तिच्या डोळ्यांच्या वाटेत, तिच्याकडे वळून.

"अहो," शरयू म्हणाली.

ते हलले नाहीत. ओव्हरकोटाच्या खांद्यांवर बर्फाचा कणही नव्हता, वितळून कधीच वाळला होता. बुटांभोवती पाण्याचं थारोळं होतं आणि त्याच्या कडा सुकत आल्या होत्या. किती वेळ? छाती वरखाली होते आहे का, हे तिला त्या काळ्या कापडावर दिसेना.

ती किंचाळली नाही. पळालीही नाही. आयुष्यभर जी जागा तिच्या पायांना ठाऊक होती तिथे ती जाऊन उभी राहिली, नवऱ्याच्या उजव्या हाताला. पूजेत ते पळीने पाणी सोडताना लावायची तशी आपली बोटं तिने त्यांच्या कोपराला लावली. कोपर ताठ होतं. गार होतं.

असं लागून उभं राहिल्यावर तिची भीती जरा खाली बसली आणि विचार सुचू लागला. यांना मी बोलावलं. अक्षता ठेवून बोलावलं. ताटं मांडली. आणि मग? चारी जोडप्यांना ओटी भरून, हाती काही देऊन, दारापर्यंत पोचवलं. यांना पोचवलंच नाही. बोलावलेला पाहुणा यजमानाने निरोप दिल्याशिवाय उठणार कसा? तो बापडा बसूनच राहणार, आणि घरातल्याच कुणाच्या तरी तोंडाकडे बघत राहणार.

तिला त्या बाईचा राग आला नाही. उलट शरमल्यासारखं झालं.

ती देवघरात गेली. सुपात तांदूळ घेतले, नारळ घेतला, कपाटातला नवा हिरवा खण घेतला. परत येईपर्यंत त्र्यंबकराव जागचे हलले नव्हते. शरयूने मडमेच्या चौकटीला हळद-कुंकवाचं बोट लावलं, तिच्या सपातांपुढे ओटी ठेवली आणि वाकून नमस्कार केला.

"माझं चुकलं," ती म्हणाली. "तुम्ही आलात, बरं वाटलं. पण हे माझे आहेत. मी मागून घेतलेत."

मग ती पुढच्या दाराशी गेली, कडी काढली आणि दार सताड उघडलं. गार हवा आत घुसली. पाहुणे निघताना तोंडी असलेलं "या हं पुन्हा" ओठांवर आलं होतं. ते तिने गिळलं. नुसते हात जोडून, मान खाली घालून, दाराच्या कडेला सरकून वाट दिली.

तिच्या पावलांवरून, साडीच्या निऱ्यांना लागून काहीतरी झुळझुळीत गेल्यासारखं वाटलं. वारा असेल. दार उघडं होतं.

तिने मान वर केली. अंगणातून रस्त्यापर्यंत बर्फच बर्फ, चारच्या उजेडात निळसर झालेलं. पत्रपेटीच्या पलीकडे, जिथे रस्ता उतारावर वळतो, तिथे गडद तांबडं काहीतरी चाललं होतं. शाल असावी. शालीखाली पांढऱ्यावर पांढरं काय होतं ते कळत नव्हतं. ते सावकाश चाललं होतं, मागे न वळता. मग वळणाआड गेलं.

कुणी शेजारीण असेल फिरायला निघालेली. बर्फात पाऊलखुणा आहेत का बघायला शरयू गेली नाही. तिने दार लावलं, कडी घातली.

मागे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. त्र्यंबकराव बसून बुटांच्या नाड्या सोडत होते. "दार कुणी उघडलं होतं? केवढा गारठा," ते म्हणाले. "आणि चहा टाक गं जरा. काही खायला आहे का? फार भूक लागलीय."

६

त्या संध्याकाळी त्यांनी तीन पोळ्या खाल्ल्या. मंगळवारी वर्तमानपत्र उघडलं. गुरुवारी भुलीच्या डॉक्टरचा विनोद पुन्हा झाला आणि शरयू इतकी हसली की ते गोंधळले. तिने देवापुढे साखर ठेवली.

शनिवारी श्रीरंग दोन पोरगेल्या डॉक्टरांना घेऊन आला. स्वतः फक्त हुकूम सोडत उभा राहिला आणि नीला त्याच्या पाठीची थट्टा करत राहिली. चित्रं वर गेली. साहेब डावीकडे, मडम उजवीकडे, पहिल्यासारखी. पायवाट पायवाटेला मिळाली. "आता कसं घर घरासारखं दिसतंय, वहिनी," श्रीरंग म्हणाला.

शरयू मडमेकडे बघत होती.

"नीला, ही अशीच होती का गं?"

"अशीच म्हणजे?"

"हिचं तोंड. पूर्वी साहेबांकडे होतं ना? डावीकडे?"

नीलाने मान तिरकी करून पाहिलं. मडमेची मान मागे, वाटेकडे वळलेली होती. गालाची कड, कानाची पाळी आणि शालीची घडी एवढंच दिसत होतं. नीला म्हणाली की असेल बाई, आम्ही कुठे तिच्या तोंडाकडे बघायला येतो, आमचं लक्ष तुझ्या शिऱ्यावर. मग चहा झाला, आणि सगळे गेले.

शरयूने मनाची समजूत घातली. प्रकाश बदलला की चित्र बदलतं. आपला माणूस जेवतोय, बोलतोय, याहून जास्त मागायचं नसतं.

रविवारी दुपारी तिने साधा वरणभात केला. त्र्यंबकराव आपल्या खुर्चीत बसले. तिने कुकरमधला भात पातेल्यात काढला, वाफ तोंडावर आली, पातेलं फडक्यात धरून ती स्वयंपाकघराच्या दारात आली आणि सहज तिची नजर साहेबांवर गेली.

ते उजवीकडे बघत होते, नेहमीसारखे. पूर्वी त्या नजरेच्या वाटेत मडमेचं तोंड असायचं आणि नजर तिथे थांबायची. आता तिथे थांबायला काही नव्हतं. ती तिच्या वळलेल्या खांद्यावरून पुढे, थेट स्वयंपाकघराच्या दारात येत होती.

ओटी बाईची भरतात, शरयूच्या मनात आलं. यांच्या हातात मी काहीच दिलं नाही.

एवढाच विचार आला. एक क्षणभर.

"अगं, शरयू!" त्र्यंबकरावांचा आवाज घाबरलेला होता. ते तिच्या शेजारी उभे होते, त्यांनी तिचा दंड धरला होता. "किती हाका मारायच्या? बरं वाटत नाही का?"

"काय झालं? आत्ताच तर आले."

तिला तेव्हा कळलं की आपण एका पायावर भार देऊन, साहेबांकडे मान वळवून उभ्या आहोत, आणि मानेला रग लागली आहे. तिने पातेल्याचं झाकण काढलं. वाफ नव्हती. भाताची शितं वरून सुकून कडक झाली होती.

त्र्यंबकरावांच्या गालांवर रंग परतला होता. तो तिने नीट पाहून घेतला. मग म्हणाली की काही नाही, उपासांचा शीण असेल, बसा तुम्ही. भात पुन्हा वाफवला, वरण ओतलं, वरून तूप सोडलं. ते पोटभर जेवले. दुसऱ्यांदा भात मागून घेतला.

ती त्यांच्या डाव्या हाताला, चित्रांकडे पाठ करून बसली. थंडीच्या दिवसांत खिडकीशी बसावं आणि पाठीवर ऊन यावं, तसं काहीतरी तिच्या पाठीवर आलं होतं आणि तिथेच थांबलं होतं. शरयूने पदर खांद्यावरून नीट ओढून घेतला, नवऱ्याच्या ताटात लिंबाची फोड ठेवली, आणि पहिला घास घेतला.